जुनी स्पोर्ट्स कार : दात पाहिल्याशिवाय इसार नको



उसाचे बिल खात्यावर जमा झाले की घरोघरी मागण्या सुरू होतात. बापाला विहिरीवर नवा पंप पाहिजे, मायला घरावर पत्रे, आणि तरण्या पोट्ट्याच्या मोबाईलवर नागपूर-पुण्याकडच्या जुन्या स्पोर्ट्स कारचा फोटो! "बाबा, नवीच्या निम्म्या किमतीत मिळते," असे तो सांगतो. हौसेला मोल नसते हे मान्य. पण आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाजूला धानाच्या बांध्यांमध्ये ऊस उभा करणे किती कष्टाचे, हे आपणच जाणतो. तो पैसा फोटो पाहून द्यावा काय? बैलबाजारात आपण दात मोजतो, खांदा चाचपतो, जुंपून पाहतो, मगच इसार देतो. गाडीलाही हाच नियम लावावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पहिला दात कागदाचा. डीसी कंपनीची 'अवंती' ही आपल्या देशी स्पोर्ट्स कारपैकी गाजलेली गाडी. २०१२ च्या दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात ती लोकांपुढे आली. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी तामिळनाडू पासिंगची एक अवंती जप्त केली. त्याच इंजिन व चासी नंबरची दुसरी गाडी हरियाणात नोंदलेली आहे, असे पोलिसांनी सांगितले. गाड्यांवर खोटी कर्जे काढल्याचा आरोप होऊन कंपनीच्या संस्थापकांना अटकही झाली. खरे-खोटे ठरविणे कोर्टाचे काम. आपण धडा एवढाच घ्यावा, की आरसी बुकातला नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहावा. आकडे घासलेले किंवा पुन्हा ठोकलेले वाटले, तर तिथूनच राम राम करावा.

आरसीवर बँकेचा बोजा आहे काय, दंडाची चलाने बाकी आहेत काय, हे सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर पाहता येते. बोजा असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ मागावा. गाडी परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला लागतो, आणि इथे एमएच ३४ किंवा एमएच ३३ नंबर घेताना रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो. स्वस्त गाडी इथेच महाग पडते. नाव बदलायला फॉर्म २९ व ३० वर सह्या घ्याव्या आणि विमाही १४ दिवसांच्या आत आपल्या नावे करण्यास अर्ज द्यावा.

दुसरा दात इंजिनाचा. जाण्याआधी गाडी सुरू करून ठेवू नका, असे मालकाला बजावावे. गेल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवावा. गरम लागले तर काहीतरी झाकायचे आहे, असे समजावे. थंड इंजिन सुरू करून धूर पाहावा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. अशा गाड्या जोरात पळविलेल्या असतात, म्हणून क्लच, ब्रेक आणि टर्बो जाणत्या मिस्त्रीकडून तपासावे. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचावे. ३२१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या ३२ व्या आठवड्यातला.

तिसरा दात पोटाखाली. गोव्यात तयार झालेली 'सॅन स्टॉर्म' ही दोन माणसांची गाडी फायबरच्या बॉडीची होती. फायबर गंजत नाही, पण त्याखालचे लोखंड गंजते. म्हणून गाडी खड्ड्यावर किंवा रॅम्पवर चढवून खालून पाहावी. सीटचा पट्टा पूर्ण ओढून पाहावा. त्यावर गाळाची रेघ दिसली तर गाडी पुरात बुडालेली आहे. जुलै २०२२ चा पूर आपण विसरलो नाही. शिवाय सॅन स्टॉर्म आता निघत नाही. काच फुटली तर कुठून आणणार?

शेवटची गोष्ट रस्त्याची. एसी आणि रेडिएटर मे महिन्याच्या भर दुपारी चालवून पाहावे. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. ठेंगणी गाडी गावच्या गतिरोधकावर पोट घासते. चंद्रपूर-मूल रस्त्यावर रात्री रानडुक्कर आडवे आले तर वेगाची हौस जिवावर बेतते. मोठ्या दुरुस्तीला नागपूर गाठायचे म्हणजे चंद्रपूरपासून दीडशे किलोमीटर.

एवढे सगळे पाहून गाडी चोख निघाली, आणि सोसायटीचे कर्ज फेडून पैसा उरला, तर पोट्ट्याने गाडी खुशाल घ्यावी. आमची ना नाही. मात्र व्यापारी "आजच इसार द्या, उद्या गिऱ्हाईक येते" म्हणू लागला, तर आठ दिवस थांबावे. चांगला बैल आठ दिवसांत म्हातारा होत नाही.