ताण एक, तऱ्हा अनेक

१० जुलै २०१८. नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले आणि वसई–विरारदरम्यान लोकल बंद पडल्या. असा खोळंबा झाला की एकाच डब्यातली माणसं किती वेगळी वागतात! कुणी रेल्वेच्या नावाने बोटं मोडतं, कुणी शेजारणीला फोन करून मुलांची सोय लावतं, कुणी विनोद करतं, तर कुणी आतल्या आत कुढतं.

मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लॅझरस आणि सुझन फोकमन यांनी १९८४च्या पुस्तकात ताणाला तोंड देण्याच्या दोन मुख्य वाटा मांडल्या : अडचणीवर उपाय शोधणं आणि स्वतःच्या भावना सावरणं. दोन्हींची गरज पडते. मुलांची व्यवस्था आपल्या हातात असते. तिथे ‘होईल ते होईल’ म्हणून भागत नाही. रुळावरचं पाणी मात्र आपल्या घाईने ओसरत नाही. तिथे काटेकोर नियोजन करणाऱ्याचीच जास्त चिडचिड होते.

या अंकातले लेख वाचताना आपला स्वभाव कुठल्या वाटेला ओढतो, ते ताडून पाहा. दुसरी वाटही थोडी सवयीची करा. आणि शेजारचा प्रवासी आपल्यासारखा वागला नाही, म्हणून त्याला लगेच नावं ठेवू नका.

– संपादक