शून्य तक्रारींचा अभिमान

एका नामवंत कंपनीचा वार्षिक अहवाल या आठवड्यात वाचला. संचालक मंडळावरच्या दोन स्त्रियांचे मोठे फोटो, आणि मानवी हक्कांच्या तपशिलात लैंगिक छळाच्या तक्रारी शून्य! मागेही लिहिलं होतं, पुन्हा लिहिते: हजारो माणसं राबतात तिथे शून्य तक्रारी म्हणजे बहुधा बोलायची भीती.

२०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांच्या मंडळावर एक तरी स्त्री सक्तीची केली, ते योग्यच झालं. पुण्याच्या कर्वेनगरात १९९१पासून मुलींना इंजिनिअर करणारं कमिन्स कॉलेज उभं आहे आणि २०२४मध्ये कमिन्स इंडियाच्या व्यवस्थापकीय संचालकपदी श्वेता आर्य आल्या, याचा मला मनापासून आनंद आहे. पण खुर्चीवर बाई बसली की कंपनीचं वागणं आपोआप बदलतं, हे मी मानत नाही.

तुलना करायची तर वारज्यात दारोदार ढकलगाडी घेऊन येणाऱ्या ‘स्वच्छ’च्या ताईंशी करा. ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था. सभासद तीन हजारांहून जास्त, त्यांत बहुतेक बायका. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, आधी ओळखपत्रं मिळवली, मग २००८मध्ये ‘स्वच्छ’ने पुणे महापालिकेशी करार केला. इथे मंडळावर बसणारी बाई सकाळी स्वतः कचरा उचलते. म्हणून या बायकांनी असा प्रश्न धसाला लावला, जो मोठ्या कंपन्यांच्या बैठकीत कुणी काढला नव्हता: वापरलेलं सॅनिटरी पॅड शेवटी कोण हाताळतं? २०१३मध्ये त्यांनी वापरलेली पॅड गोळा करून थेट उत्पादक कंपन्यांना पाठवली. पुढे २०१६च्या घनकचरा नियमांनी पॅडसोबत पिशवी किंवा वेष्टन देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. तरी आजही कितीतरी घरांतून पॅड उघडंच बादलीत पडतं आणि ताई ते हाताने वेगळं काढतात.

पॅड विकणाऱ्या कंपन्या जाहिरातीत स्त्रीच्या सन्मानाबद्दल बोलतात. त्यांच्या संचालक स्त्रियांकडे माझी एकच मागणी आहे. पुढच्या बैठकीत विचारा, आपला माल वापरून झाल्यावर कुणाच्या हातात जातो, आणि त्या हातांसाठी आपण किती खर्च करतो? तो आकडा अहवालात छापा. मानवी हक्कांची परीक्षा त्या आकड्यावर होईल.