घरचा हात : फायबरचा तडा कसा सांधावा?

आमच्या न्हावा शेवा परिसरांत १९८९ सालीं मोठें बंदर सुरू झालें, तेव्हांपासून रस्त्यावरील ट्रेलरांची धडधड आमच्या अंगवळणीं पडली आहे. परंतु गेल्या मार्गशीर्षांत अंगणांत जो आवाज झाला, त्यानें सारें घर बाहेर धांवलें. माडावरून एक नारळ निसटून थेट आमच्या मोटारीच्या बॉनेटवर आदळला होता.

ही मोटार कैलासवासी वडील बंधूंची. १९८२ सालीं बंगळूरच्या एका कारखान्यांतून बाहेर पडूं लागलेली ‘डॉल्फिन’. हिचा सांगाडा पोलादाचा, परंतु अंग सगळें फायबरग्लासचें. अमेरिकेंत १९५३ सालीं ‘कॉर्व्हेट’ मोटारीचें अंग असेंच केलें होतें. ‘डॉल्फिन’ निघणें केव्हांच बंद झालें. तेव्हां नवें बॉनेट आणावें कोठून? घरांतील तरुण मंडळी म्हणूं लागली, “आतां भंगारांत द्यावी.” वहिनी कांहीं बोलल्या नाहींत, मात्र त्या दिवसापासून त्या अंगणाकडे पाहीनाशा झाल्या. म्हणून मीं व माझ्या पुतण्यानें हें काम अंगावर घेतलें.

पहिल्या खेपेस आम्हीं चुकलों. तडा वरून पुटीनें भरला, घांसला, रंगविला. पंधरा दिवसांत तोच तडा, त्याच जागीं, पुन्हां उमटला. शेवटीं करंजा येथें होड्यांना फायबर लावणाऱ्या एका कारागिरास गांठलें. त्यानें एकच प्रश्न विचारला, “मास्तर, आंतली बाजू पाहिलीत काय?” आम्हीं ती पाहिलीच नव्हती!

वाचकहो, सगळें मर्म येथें आहे. कांच ठिसूळ खरी. परंतु तिचे बारीक तंतू ओढले म्हणजे ते लवचीक व बळकट होतात. त्या तंतूंना रेझिन नांवाचा चिकट द्रव एकत्र बांधतो. तडा जातो म्हणजे हे तंतू तुटतात. पुटींत तंतू नसतात. ती खाच भरते, ताण सोशीत नाहीं. सबब दुरुस्ती करावयाची ती तुटलेल्या तंतूंच्या जागीं नवे तंतू घालून, आणि तीही पाठीमागून.

आधीं भाग खरोखर फायबरचा आहे कीं नाहीं तें पाहावें. मागील खडबडीत बाजूस तंतू दिसतात. हल्लींच्या बहुतेक मोटारींचे बंपर प्लॅस्टिकचे असतात. त्यांवर हें रेझिन नीट धरत नाहीं.

बॉनेट मोटारीवर बसवून, तड्याच्या दोन्ही कडा जुळवून, वरून लांकडी पट्ट्यांनीं आवळाव्या. नाहीं तर वांकडें जुळलेलें तसेंच कायमचें राहतें. मग तें काढून उताणें ठेवावें. आंतून तड्याच्या दोन्ही बाजूंस जाडीच्या सुमारें बारापट रुंदीचा उतार घांसावा. घांसतांना तोंडावर धूळ अडविणारा मास्क, डोळ्यांस चष्मा व अंगांत लांब बाह्यांचा सदरा हवाच. ती धूळ फुप्फुसांस व कातडीस वाईट. नंतर ॲसिटोननें पुसून जागा स्वच्छ व कोरडी करावी.

आतां सर्वांत महत्त्वाची सूचना. दुकानांत रेझिनबरोबर पुष्कळदां कोबाल्ट व हार्डनर अशा दोन बाटल्या मिळतात. माझा पुतण्या या दोन्ही एकाच वाटींत ओतणार, इतक्यांत मीं त्याचा हात धरला. हीं द्रव्यें परस्परांत मिसळलीं तर भडका उडतो, स्फोटही होतो! कोबाल्ट आधीं रेझिनमध्यें पूर्ण ढवळावें, हार्डनर त्यानंतर. १०० ग्रॅम रेझिनला १ ते २ ग्रॅम. हार्डनरचा थेंब डोळ्यांत गेल्यास दृष्टि जाऊं शकते. काम उघड्या हवेंत, विस्तवापासून दूर आणि मुलांना लांब ठेवून करावें. पावसाळ्यांत तर करूंच नये. ओलावा सांध्याचा वैरी आहे.

तंतूंच्या मॅटचे तीन तुकडे, एकाहून एक मोठे, कापून ठेवावे. प्रथम लहान, शेवटीं मोठा, असे रेझिननें भिजवीत बसवावे व ब्रशानें ठोकून हवेचे बुडबुडे काढावे. दुसऱ्या दिवशीं पट्ट्या सोडून वरील तडा किंचित् खोल कोरावा व त्यांतही मॅटच्या बारीक पट्ट्या भराव्या. पुटी व रंग त्यानंतर.

बसवितांना फायबरला पत्र्यासारखें दामटूं नये. भोंक बोल्टपेक्षां थोडें मोठें ठेवावें, खालीं रबर व रुंद वायसर घालावें आणि पाना बेतानें फिरवावा. अति आवळल्यास भोंकापासूनच नवा तडा निघतो. फायबर गंजत नाहीं, परंतु आमच्या खाडीच्या वाऱ्यांत बोल्ट गंजतात. म्हणून ते स्टेनलेस स्टीलचे घेतले.

फाल्गुनांत काम पुरें झालें. आजमितीस तडा उमटलेला नाहीं. रंगाची छटा मात्र जरा वेगळी आली आहे, आणि पुतण्यास ती खुपते. परवां सकाळीं वहिनी आपण होऊन अंगणांत आल्या, पदरानें बॉनेटवरची धूळ पुसली आणि म्हणाल्या, “भाऊजी, गाडी त्या माडाखालून तेवढी हलवा.”

ही शेवटची सूचना आम्हां दोघांपैकीं कोणासच सुचली नव्हती.