सही करण्याआधी

मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यातील सोनपेठ तालुक्यात, भाऊचा तांडा येथे शौचालयाची टाकी साफ करताना पाच मजूर गुदमरून दगावले. मैल्यातला हायड्रोजन सल्फाइड वायू वाढला की नाकाला वासच येईनासा होतो. धोका कळण्याआधी माणूस कोसळतो. सुरक्षा साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण अशा घटनांत बोट ठेकेदाराकडेच जाते. टाकीचा नकाशा कुणी काढला, हे कोण विचारतो?

अभियांत्रिकी शिकणाऱ्या मित्रांनो, उद्या मालक म्हणेल, ‘टाकी मागच्या बोळात घ्या, खर्च वाचेल.’ तिथे सक्शन टँकरचा पाइप पोहोचणार नाही. कुणाला तरी आत उतरावेच लागेल. बचत मालकाची, जीव मजुराचा. हातचे पहिले काम सोडणे सोपे नाही, हे मान्य. तरीही सही करू नका. टँकर उभा राहील अशी जागा दाखवा आणि तिचा खर्चही लिहून द्या.