सातबाऱ्यावर कृष्णाही चढवा



घरावर एक मजला चढवण्यासाठी दिलेला आमचा प्लॅन गेल्या सोमवारी परत आला. शेरा एका ओळीचा : ‘पूररेषेबाबतचा दाखला जोडावा.’ दाखल्यासाठी दोन कार्यालये आणि चार टेबले फिरल्यावर एका कारकुनाने नकाशा पसरून त्यावर बोट ठेवले. निळी पूररेषा आमच्या परसातल्या हौदापाशी येते आणि स्वयंपाकघर कापून शेजारच्या बोळात शिरते. “ही रेषा पाटबंधारे खात्याकडं आहेच की, सर,” तो म्हणाला. अगदी नम्रपणे म्हणाला, माझा राग त्याच्यावर नाही. रेषा खात्याकडे आहे आणि माझ्या एकाही कागदावर नाही, याचा राग आहे.

कागद मी कमी पाहिले नव्हते. २००८ साली भविष्यनिर्वाह निधी मोडून आणि कर्ज काढून प्लॉट घेतला, तेव्हा सातबारा, फेरफार, बिगरशेतीचा आदेश, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, मोजणीची ‘क’ प्रत असे सगळे फाइलला होते. बँकेच्या वकिलाने पाहिले, व्हॅल्युअरने पाहिले, सरकारने मुद्रांक शुल्क घेतले. सोसायटीचा चार आण्यांचा बोजा असला तरी तो सातबाऱ्याच्या ‘इतर हक्कात’ दिसतो. आमच्या प्लॉटवरचा कृष्णेचा बोजा तेवढा कुठेच दिसला नाही. २००५ च्या पुराचे विचारले, तर एजंट हसून म्हणाला, “तसलं पाणी शंभर वर्षांतनं एकदा येतंय, सर!” शिकलेला माणूस असून मी मान डोलावली.

मी गणित शिकवण्यात हयात घालवली, म्हणून हिशेब मांडतो. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ म्हणजे एक पूर येऊन गेला की पुढची चोवीस वर्षे सुट्टी, असे लोक समजतात. तसे नाही. त्याचा अर्थ दर पावसाळ्यात शंभरात चार शक्यता. वीस वर्षांचे गृहकर्ज फिटेपर्यंत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते, सुमारे ५६ टक्के. हे गणित झाले. सांगलीने प्रत्यक्षात काय पाहिले? २००५, २०१९, २०२१. सोळा वर्षांत तीन वेळा कृष्णेवरच्या इर्विन पुलाखाली पाणी पन्नास फुटांच्या पुढे गेले. २०१९ मध्ये तर ५७ च्या वर. धोका पातळी ४५ आहे. रेषा आखणाऱ्यांचे गणित जुने झाले की नदी बिघडली, ते तज्ज्ञांनी ठरवावे. पण जी काही रेषा आहे, ती घर घेणाऱ्याला दिसायला नको का?

मोजणीचेही तेच. हद्दीच्या वादात शेजारी आणि मी रीतसर पैसे भरून मोजणी आणली. फुटाइंचापर्यंत लांबी-रुंदी निघाली, खुणा झाल्या. माझी जमीन नदीपेक्षा किती उंच आहे, हे मात्र त्या नकाशात नाही. हद्द चार इंच सरकली म्हणून कुणी बुडत नाही, साहेब. उंची चार फूट कमी पडली की बुडतो. कर्नाटकाला अलमट्टी धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ करू देणार नाही, असे आपण दशांशासकट ठणकावतो आणि स्वतःच्या जोत्याची उंची आपल्याला माहीत नसते.

नियमावली म्हणते, निळ्या आणि लाल रेषेच्या पट्ट्यात बांधायचे तर जोते लाल रेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर वर हवे. दीड फूट, ठीक. पण कशाच्या वर? ती पातळी घरमालकाच्या कुठल्या कागदावर असते? आम्हाला वरचा मजला मिरवायला नको आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी आले तेव्हा आजारी पत्नीला घेऊन वर जायला जागा नव्हती, म्हणून हवा आहे. माझ्यासारखे असे दाखल्यामागे फिरत असताना मागच्या ओढ्यात मात्र रात्रीच्या डंपरने मुरूम पडतो आहे. तिथे उद्या प्लॉट पडतील आणि माझ्यासारखाच कुणी स्वच्छ सातबारा पाहून पैसे मोजेल. त्या डंपरला कुणी दाखला मागितल्याचे ऐकिवात नाही.

रेषा सातबाऱ्यावर आणली तर जमिनींचे भाव पडतील, असे मला सांगण्यात आले. पडतील. पहिला माझाच पडेल. पण आजचा भाव घेणाऱ्याच्या अज्ञानावर उभा आहे, आणि ते अज्ञान टिकवणे हे सरकारचे काम नव्हे.

सांगलीत पावसाळ्यात माणसे एकमेकांना ‘इर्विनला किती?’ म्हणून विचारतात. कुठल्या गल्लीत किती फुटांना पाणी शिरते, हे रिक्षावाल्यालाही पाठ असते. ते सरकारी कागदाला माहीत नसावे? मागणी साधी आहे. सातबारा आणि प्रॉपर्टी कार्डावर प्लॉट निळ्या रेषेत आहे, लाल रेषेत आहे की बाहेर, हे लिहावे. मोजणीच्या नकाशावर जमिनीची उंची द्यावी आणि इर्विनला किती फूट झाले की तिथे पाणी येते, तो आकडाही छापावा. तोवर नदीकाठी प्लॉट घेणाऱ्यांनी वकिलाआधी त्या गल्लीतल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला विचारावे. आमच्या गल्लीचा आकडा ४४ आहे. तो मला सतरा पानांच्या खरेदीखतात सापडला नाही, दूधवाल्याने सांगितला.

— एक निवृत्त गणित शिक्षक, सांगली