जो, जरा पाठ दाखव!

कोनच्या नव्या टॉवरमध्ये शिफ्ट झालात? मग एखाद्या खोक्यातून लंगडा जी. आय. जो निघणारच. फेकू नका, बॉस! हॅस्ब्रोने १९८२ साली अमेरिकेत आणलेली ही पावणेचार इंची फौज आपल्याकडे फन्स्कूलने बनवली. तिचे रंग कितीदा मूळ जोपेक्षा वेगळेच, म्हणून परदेशी संग्राहक ती शोधत असतात.

लंगडेपणाचं कारण बहुतेकदा एवढंसंच: पोटातलं काळं रबर, म्हणजे ओ-रिंग, सडलेलं. पाठीवर एकच स्क्रू असतो. बारीक प्लस स्क्रू-ड्रायव्हर खाचेत घट्ट बसतोय ना, ते आधी बघा. खाच गेली की खेळ खलास. पाठ उचलली की डोकं आणि हात सुटे होतात. पाय मात्र ओढू नका, ते हुकाने रबरात अडकलेले असतात. नवी ओ-रिंग हार्डवेअरवाल्याकडे बघा, जुनी नमुन्याला न्या. फार घट्ट घेतलीत तर कमरेचा तुकडा मोडेल, आणि तो कुठून आणणार?

आता मेकओव्हर. याचं डोकं त्याच्या धडावर चढवा, बिनधास्त. परत बदलता येतं. रंगाचं तसं नाही. अ‍ॅक्रिलिकचा पातळ हात द्या, सांधे सोडून. नेलपेंट रिमूव्हर लांबच ठेवा, त्यातलं अ‍ॅसिटोन प्लास्टिकच खातं. आणि जो अख्खा, धडधाकट असेल तर ब्रश खाली ठेवा, प्लीज! प्रयोग तुटक्यांवर.

स्क्रू लावताना आधी थोडा उलटा फिरवा. जुन्या आट्यांत ‘टक्’ बसला की मगच हलक्या हाताने आवळा, नाहीतर पाठ चिरते.