चंदा करून ऑपरेशनं किती दिवस करायची?

आमच्या मोहल्ल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महिन्यातून एक-दोनदा ठरलेला मेसेज येतो. पेशंटचं नाव, हॉस्पिटलचं एस्टिमेट, बँक खात्याचा नंबर आणि शेवटी, 'जकात, सदका दोन्ही चालेल'. असे कितीतरी मेसेज मी पुढे पाठवलेत. या पावसाळ्यात आलेल्या मेसेजमध्ये माझ्या खालाचं नाव होतं.

खाला पेण तालुक्यात राहते, मी रोह्यात. रात्री दोनला तिच्या छातीत कळ आली. तिच्या मुलाने तिला जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात नेलं. लोक सरकारी दवाखान्याबद्दल काय काय बोलतात, म्हणून आधी हे सांगतो. तिथे ड्युटीवर बाँडवरची तरुण डॉक्टर होती. तिने दहा मिनिटांत ईसीजी काढला, गोळ्या दिल्या आणि स्पष्ट सांगितलं, हार्ट अटॅक आहे, इथे पुढची सोय नाही, वेळ घालवू नका. तिने स्वतः फोन करून १०८ बोलावली. केसपेपरचेही पैसे घेतले नाहीत. तिच्याकडे हृदयरोगतज्ज्ञ नव्हता, अँजिओग्राफीचं मशीन नव्हतं, म्हणून तिने पाठवलं. तिची चूक कुठे काढायची?

मग मुंबई-गोवा महामार्ग. २०११ पासून ज्याचं काम चालू आहे, तो. खड्ड्यांत गाडी आदळली की खाला कलमा पढायची, असं भाऊ सांगतो. नवी मुंबईतल्या एका खासगी हॉस्पिटलात पोहोचलो तर काउंटरवर पहिला प्रश्न डिपॉझिटचा. रेशनकार्ड दाखवलं. उत्तर मिळालं, 'योजनेच्या खाटा भरल्यात, कॅशमध्ये असेल तर लगेच घेतो.' घड्याळ चालू होतं. आम्ही लाखभर रुपये भरले. दोन स्टेंट पडले आणि बिल झालं ३ लाख ४० हजार. खाला वाचली, अल्हम्दुलिल्लाह. पैसे कुठून आले? अर्धे चंद्यातून, थोडे कुवेतच्या चाचांकडून, बाकीचे दागिने गहाण ठेवून.

ती घरी आल्यावर खानदानाच्या ग्रुप कॉलवर वादाला तोंड फुटलं. आमच्यासारख्या कोकणी घरांत नातेवाईक तीन खंडांत विखुरलेले असतात. एक बहीण इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्नला, एक भाऊ अमेरिकेत टेक्सासला. भाऊ म्हणाला, 'सरकारच्या हातात दवाखाने दिले की काय होतं ते तुम्ही बघताच आहात. आमच्याकडे काही लोकांना तेच आणायचंय, सोशलिझम.' बहीण म्हणाली, 'माझी दोन बाळंतपणं झाली, एक पाउंड दिला नाही.' मग स्वतःच हळूच म्हणाली, 'पण सासऱ्यांना गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी वर्षभर थांबावं लागलं.' मला तिचं हे दुसरं वाक्य जास्त आवडलं. वादात आपल्या बाजूचं उणं सांगणारा माणूस क्वचित भेटतो.

भावाच्या तोंडचा 'सोशलिझम' हा शब्द त्याचा नाही. अमेरिकेत तो फार जुना आहे. १९४५ साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सगळ्यांसाठी राष्ट्रीय आरोग्य विम्याचा प्रस्ताव मांडला. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने त्याला 'सोशलाइज्ड मेडिसिन' म्हणून असं झोडपलं की प्रस्ताव मेला. १९६१ मध्ये रोनाल्ड रेगन, तेव्हा ते नट होते, यांच्या आवाजातली याच विषयावरची ग्रामोफोन तबकडी घरोघरी वाजवण्यासाठी काढली गेली. म्हाताऱ्यांना सरकारी विमा दिला तर देशाचं स्वातंत्र्य जाईल, असा तिचा सूर. १९६५ मध्ये जॉन्सन यांनी मेडिकेअर आणि मेडिकेडच्या कायद्यावर सही केली, तीही म्हाताऱ्या ट्रुमनना शेजारी बसवून. स्वातंत्र्य काही गेलं नाही. आज मेडिकेअरला हात लावायची भाषा केली तर रेगनचे चाहतेही चिडतील. आणि एवढं करून अमेरिका आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या १७ टक्क्यांच्या आसपास आरोग्यावर खर्च करते, जगातल्या कुठल्याही मोठ्या देशापेक्षा जास्त, तरी अडीच कोटींहून अधिक माणसं विम्याविना आहेत. इंग्लंडने ५ जुलै १९४८ रोजी एनएचएस सुरू केली. तिथे रांग लागते, चिडचिड होते. पण हार्ट अटॅकसाठी बहिणीच्या गल्लीत कोणी चंदा गोळा करत नाही.

आपल्याकडे हा वाद झालाच नाही, असं नाही. तो झाला आणि आपण विसरलो. १९४६ मध्ये, म्हणजे एनएचएसच्या आधी दोन वर्षं, भोर समितीने अहवाल दिला. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचाराविना राहू नये, हे तिचं सूत्र. दर १० ते २० हजार लोकांमागे ७५ खाटांचं रुग्णालय असावं, हे तिचं लांब पल्ल्याचं स्वप्न. हा आकडा घेऊन पेण तालुक्याचा किंवा रोहा तालुक्याचा नकाशा समोर ठेवा आणि तुम्हीच मोजा. १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रं निघू लागली, पण आजचा निकष आहे सपाट भागात ३० हजारांमागे एक आणि डोंगराळ, आदिवासी भागात २० हजारांमागे एक. पेणच्या डोंगरातल्या कातकरी, ठाकूर वाड्यांमधल्या बाईला ते केंद्रही पावसाळ्यात किती लांब पडतं, हे तिथे पायी गेल्याशिवाय कळत नाही.

मग आपल्याला काय मिळालं? कार्ड मिळालं. आणि इथे रायगडचा खास संबंध आहे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यात सुरू झाली ती आठ जिल्ह्यांत, आणि त्या आठांत रायगड होता. पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डाच्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे, ९७१ प्रकारचे उपचार. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव आहे. २०२३ च्या शासन निर्णयाने ती सगळ्या कार्डांना खुली केली, मर्यादा ५ लाख केली. आपल्यातल्या ज्या घरांत कोणी आखातात आहे म्हणून कार्ड पांढरं होतं, ती अकरा-बारा वर्षं बाहेर राहिली होती. चाचांची नोकरी सुटली तरी कार्ड पांढरंच.

योजनेने जीव वाचवलेत. रोह्यात माझ्या ओळखीत डायलिसिसवर असलेली माणसं तिच्यामुळे जगताहेत. तरी मी म्हणेन की ती सरकारी आरोग्यसेवा नाही. ती सरकारने खासगी दारात भरलेली फी आहे. दार उघडायचं की नाही हे दाराचा मालक ठरवतो. हॉस्पिटलवाले म्हणतात, पॅकेजचा दर परवडत नाही, पैसे उशिरा येतात. त्यांचंही काही खोटं नसेल. पण परिणाम काय? रात्री तीन वाजता काउंटरवरचा माणूस 'खाटा भरल्यात' म्हणतो, तेव्हा ते खरं की खोटं हे तपासायला ना आमच्याकडे वेळ असतो, ना कोणी अधिकारी जागा असतो. आरोग्यमित्राची खुर्ची त्या रात्री रिकामी होती. शिवाय योजना मोठ्या आजाराला आहे. बीपीची रोजची गोळी तिच्यात नाही. खालाने ती गोळी दोन वर्षांपूर्वी बंद केली होती, कारण सरकारी दवाखान्यात तीन फेऱ्या मारूनही मिळाली नाही आणि मेडिकलमधून घेणं जमेना. त्या गोळीचे वाचवलेले पैसे आणि ३ लाख ४० हजार, हा हिशेब मला रोज छळतो.

तुमच्यातले काही म्हणतील, मग आपल्या जमातीनेच हॉस्पिटल काढावं. हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. जे. जे. रुग्णालय १८४५ मध्ये उभं राहिलं त्यात जमशेटजी जीजीभॉय यांचं मोठं दान होतं, आणि आज तिथे कोणालाही धर्म विचारत नाहीत. मुंबईत मुस्लिम ट्रस्टची चांगली हॉस्पिटलं आहेत. पण ती शहरात आहेत, जिथे देणारे आहेत. आणि जकात हा हक्क गरिबाचा आहे. तो हॉस्पिटलच्या बिलात वळवताना मला प्रत्येक वेळी वाटतं, यातून एखाद्या पोरीची फी भरली गेली असती. चंद्याचं आणखी एक दुखणं आहे, ते कोणी बोलत नाही. ज्याचं खानदान मोठं, ज्याचे नातेवाईक बाहेर, त्याच्या मेसेजला पैसे पडतात. विधवेच्या मेसेजला 'दुआ में याद' पडतात. मी स्वतः त्या यादीत अनेकदा फक्त दुआ लिहिली आहे.

कोणी म्हणेल, स्वतःची बचत करावी. पेणमध्ये हे जरा जपून बोला. २०१० मध्ये पेण अर्बन बँक बुडाली तेव्हा इथल्या हजारो घरांचा आजारपणाचा, लग्नाचा, म्हातारपणाचा पैसा एका झटक्यात अडकला. त्यात आमच्या दादीच्या मोतीबिंदूचे पैसेही होते.

खासगी म्हणजे सगळे लुटारू असंही मी म्हणत नाही. पेणच्या बाजारपेठेत, रोह्याच्या गल्लीत एकट्याने दवाखाना चालवणारे डॉक्टर आहेत, जे मध्यरात्री दार उघडतात, फी उद्या दिली तरी चालते. त्यांना आणि काचेच्या इमारतीतल्या कॉर्पोरेट हॉस्पिटलला एका तागडीत टाकणं अन्याय आहे. माझा आक्षेप आहे तो सरकारने स्वतःची जागा सोडून देण्याला. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी खर्च जीडीपीच्या २.५ टक्के करण्याचं ठरवलं. २०२१-२२ मध्ये, ऐन कोविडनंतर, तो १.८४ टक्के होता. त्याच वर्षी देशातल्या एकूण आरोग्यखर्चातले ३९.४ टक्के लोकांनी थेट खिशातून दिले. २०१३-१४ मध्ये हाच आकडा ६४.२ होता, म्हणजे कमी झालाय, हे मान्य. पण शंभरातले चाळीस रुपये अजून आमच्याच खिशातले.

सरकारला जमत नाही, हे तर मुळीच ऐकून घेऊ नका. मे २०२० मध्ये याच महाराष्ट्र सरकारने खासगी हॉस्पिटलांतल्या ८० टक्के खाटांवर दर ठरवून दिले होते. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या रुग्णालयांतले उपचार मोफत केले, म्हणूनच खालाच्या केसपेपरला पैसे लागले नाहीत. मोफत केलं, पण डॉक्टर, मशीन आणि औषधं पोहोचली का? राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदा केला. खासगी डॉक्टरांनी संप केला, तरी केला. आपल्याकडे तशी मागणी किती मोर्च्यांत ऐकलीत?

आपल्या समाजाच्या बैठकांत तर नाहीच. सच्चर समितीने २००६ मध्ये लिहून ठेवलं की मुस्लिम वस्ती मोठी असलेल्या कितीतरी मोठ्या गावांत दवाखान्याची सोयच नाही. आपण त्या अहवालातलं शिक्षण आणि नोकऱ्यांचं पान पाठ केलं, हे पान उलटलंच नाही. कदाचित दवाखान्याचा प्रश्न 'आपला' वाटत नसेल, कारण तो कातकऱ्याचाही आहे, आगऱ्याचाही, मराठ्याचाही. मला तर याच कारणासाठी तो आपण हातात घ्यावासा वाटतो. त्या रात्री रुग्णालयाच्या बाकावर खालाच्या शेजारी वाडीवरची एक बाई तापाने फणफणलेलं लेकरू घेऊन बसली होती. तिनेच आपली चादर खालाच्या अंगावर टाकली.

तोवर असलेले हक्क तरी वापरा. धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बलांना सवलतीत द्याव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर पहिल्या गटात, ३ लाख ६० हजारांच्या आत तर दुसऱ्या. आम्हाला हे त्या रात्री माहीत नव्हतं. डिस्चार्जनंतर चौथ्या दिवशी कळलं. २०२१ च्या नियमांनुसार नर्सिंग होमला दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. पुढच्या वेळी भिंतीकडे बघा, फोटो काढा. प्रत्येक मोहल्ल्यात दोन मुलं-मुली अशी हवीत, ज्यांना हे पाठ असेल आणि ज्यांचा फोन रात्री चालू असेल. आमच्याकडे दोघं तयार झालेत, एक बी.एस्सी. नर्सिंगची मुलगी आणि एक रिक्षावाला.

आणि मी माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिलाय. जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयांत तज्ज्ञांची मंजूर पदं किती, भरलेली किती, बीपी-शुगरच्या गोळ्या गेल्या वर्षात किती दिवस संपलेल्या होत्या, रुग्ण कल्याण समितीच्या बैठका किती झाल्या. लिहिताना खाला शेजारी बसली होती. तिने विचारलं, 'याला किती चंदा लागतो रे?' म्हटलं, दहा रुपये, कोर्ट फीचा स्टॅम्प. तिने उशीखालचा बटवा काढला आणि दहाची नोट माझ्या हातावर ठेवली.